अक्षरांची उलटापालट : खेळ की विद्या?

संस्कृतातील एक जुने सुभाषित आपल्याकडील पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आले आहे. त्याचा आशय असा की, 'साक्षरा' हा शब्द शेवटाकडून वाचला तर 'राक्षसा' होतो. म्हणजे नुसता अक्षरे शिकलेला मनुष्य फिरला, तर त्याचा राक्षस व्हावयास वेळ लागत नाही. 'सरस' हा शब्द मात्र कोणत्याही बाजूने वाचा, तो सरसच राहतो. तद्वत् ज्याच्या ठायी रसिकता आहे, तो उलट्या काळातही आपला गुण सोडीत नाही. तीन-तीन अक्षरांचे दोन शब्द, आणि त्यांत शिक्षणाविषयीचा एक अख्खा निबंध सामावला आहे! साहित्यात अक्षरांच्या उलटापालटीचे काही प्रयोजन आहे काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही प्रथम या सुभाषिताकडेच बोट दाखवू.

दुसरे उदाहरण तर घरोघरचे आहे. वाल्या कोळ्याच्या तोंडून रामनाम निघेना, म्हणून त्याला 'मरा, मरा' असे म्हणावयास सांगितले आणि म्हणता म्हणता त्याचे 'राम, राम' झाले, ही गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली आहे. आजीच्या गोष्टीत हा उपदेश नारद करतात. मूळ वाल्मीकिरामायणात ही कथा नाही. अध्यात्मरामायणात ती येते आणि तेथे उपदेश करणारे सप्तर्षी आहेत. ते कसेही असो. मराठी कानाला या कथेत जी गोडी लागते ती संस्कृत कानाला लागणार नाही, असे आम्हांस वाटते. कारण मराठीत 'मरा' ही नुसती निरर्थक दोन अक्षरे नव्हेत, ती एक आज्ञा आहे. ज्याने आजवर वाटसरूंना 'मरा' असेच बजावले, त्याला त्याचाच शब्द परत दिला गेला, आणि त्याच शब्दाच्या पाठीमागून राम उभा राहिला. या दोन अक्षरांची जागा बदलली नसती तर ही कथा कथा म्हणून उभीच राहिली नसती.

असे असूनही आपल्या टीकाकारांनी या प्रकाराकडे बहुधा तुच्छतेनेच पाहिले आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने अशा चित्ररचनेला काव्य न म्हणता काव्याची नक्कल म्हटले. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याच्या तीन प्रती लावल्या आणि चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली. मराठीतही वामनपंडिताला 'यमक्या वामन' हे नाव चिकटले ते काही गौरवाने नव्हे. मोरोपंतांच्या वाट्याला तर 'शब्दांची कसरत करणारा पंडित' हा शेरा इतक्या वेळा आला आहे की, पंतांची एकही आर्या न वाचलेला विद्यार्थीदेखील परीक्षेत तो बिनदिक्कत लिहून येतो.

मोरोपंतांचा (१७२९–१७९४) जन्म पन्हाळ्याचा, आयुष्य बारामतीत गेले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली अशी प्रसिद्धी आहे. एकच कथा इतक्या वेळा सांगावयाची तर प्रत्येक वेळी नवे बंधन हवे. 'मंत्ररामायणा'त रामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे गुंफलेली आहेत, आणि 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटून उच्चारावी लागणारी अक्षरे पूर्णपणे वर्ज्य केली आहेत. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे गेली, की काय उरते ते विद्यार्थ्यांनी क्षणभर मनाशी ताडून पाहावे. 'राम' या नावातच 'म' आहे! म्हणजे रामाचे नाव तोंडातून न काढता रामायण सांगावयाचे. त्यात माय नाही, बाप नाही, भाऊ नाही, भरत नाही, लक्ष्मण नाही, मारुती नाही. ज्याला ही अडचण नुसती खेळकर वाटते, त्याने अशी चार वाक्ये स्वतः लिहून पाहावी. पहिल्या वाक्यातच आपल्या शब्दसंपत्तीची खोली त्याला कळून येईल. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त हाच नियम एका गमतीच्या निमित्ताने आला आहे. तेथे मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण त्याचे ओठ दुखावलेले असतात. दंडीने नियमाला कथेत कारण दिले. पंतांनी कारण दिले नाही, आणि आम्हांस विचाराल तर रचनेचा दर्जा याच ठिकाणी ठरतो.

आता ज्या ग्रंथकाराचे नाव आमच्या या भागातील प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे, आणि बहुधा कोणालाच नसते, त्याच्याकडे वळू. हा सूर्यदास, ज्याला दैवज्ञ सूर्यपंडित असेही म्हणतात. गोदावरीकाठच्या पार्थपुराचा, म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरीचा हा रहिवासी. त्याचा काळ सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तेव्हा हैदराबादेतल्या मराठी माणसाने सूर्यदासाला आपला शेजारी म्हटले तर ते वावगे होणार नाही. त्याने 'रामकृष्णविलोमकाव्य' नावाचे, चाळीसच्या आत श्लोक असलेले, एक लहानसे संस्कृत काव्य लिहिले. त्यातील श्लोक डावीकडून उजवीकडे वाचावा तर रामाची कथा, आणि तीच अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे वाचावी तर कृष्णाची! पुढे सतराव्या शतकात कांचीकडील वेंकटाध्वरी याने 'राघवयादवीय' या तीस श्लोकांच्या काव्यात हेच साधले. हल्ली लोक वेंकटाध्वरीचे नाव मोठ्या कौतुकाने एकमेकांस कळवितात. सूर्यदास त्याच्या कितीतरी आधीचा आहे, हे त्यांच्या गावी नसते.

या सूर्यदासाचा पिता ज्ञानराज हा ज्योतिषी, 'सिद्धान्तसुंदर' या ग्रंथाचा कर्ता. सूर्यदास स्वतः गणिती. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्याने १५३८ मध्ये आणि 'लीलावती'वर १५४१ मध्ये टीका लिहिली. विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे. 'लीलावती'च्या शेवटी 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. दिलेल्या वस्तू किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतील, याचे गणित त्यात शिकविले आहे. भास्कराचार्य विचारतात : शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे, त्यांची अदलाबदल करून किती मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत चार आयुधे, तर किती? पहिल्याचे उत्तर ३६,२८,८०० आणि दुसऱ्याचे २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे येतात, त्या चोवीस मूर्ती शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या क्रमभेदानेच मूर्तिशास्त्रात ओळखल्या जातात. आयुधांच्या जागा बदलल्या की देवाचे नाव बदलते, अक्षरांच्या जागा बदलल्या की कथेचा नायक बदलतो. ज्या पंडिताने हे गणित उलगडून सांगितले, त्यानेच विलोमकाव्य रचावे हा निव्वळ योगायोग आहे असे मानावयास आम्ही तयार नाही. गणित आणि काव्य यांच्यामध्ये आमच्या शाळांनी जी भिंत घातली आहे, ती त्या पाथरीच्या वाड्यात नव्हती, एवढे खास.

तथापि खरे ते सांगितले पाहिजे. विलोमकाव्य वाचून आम्ही थक्क होतो. त्याने आम्ही हेलावत नाही. त्यातील कित्येक पदांचा अर्थ टीकेच्या कुबड्या घेतल्यावाचून लागत नाही, समास ओढूनताणून फोडावे लागतात, अप्रसिद्ध शब्दांना कोशाच्या तळघरातून वर काढावे लागते. मम्मटाने या प्रकाराला खाली बसविले ते उगाच नव्हे. परंतु मम्मटाने त्याला पंक्तीतून उठविले नाही, हेही ध्यानात घ्यावे. 'साक्षर-राक्षस' आणि 'राम-मरा' यांत अक्षरे उलटतात तेव्हा अर्थही उलटतो, आणि त्या उलटण्यात एक सत्य उघडे पडते. विलोमकाव्यात अक्षरे उलटतात आणि अर्थ बिचारा त्यांच्यामागे धापा टाकीत धावतो. आमचा सगळा मतभेद एवढ्या एका फरकाभोवती फिरतो.

आणखी एका गोष्टीचा विचार आजच्या विद्यार्थ्याने केला पाहिजे. उलटापालट म्हणजे कशाची? इंग्रजीत सुटी अक्षरे फिरवितात, स्वर वेगळा आणि व्यंजन वेगळे. आपली देवनागरी तशी नाही. आपले अक्षर हे स्वरासह व्यंजन. ते एका घासाचे असते. मराठी शब्दकोड्यातील एका चौकोनात एक अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांट्यांसह बसते, ते यामुळेच. म्हणून आपल्याकडे उलटापालटीचे दोन मार्ग आहेत. पूर्ण अक्षरे हलविली की 'नदी'चे 'दीन', 'राज'चे 'जरा', 'कमल'चे 'कलम' आणि 'दम' या इंद्रियनिग्रहाचा 'मद' होतो. 'कविता' या शब्दातील पहिली दोन अक्षरे बदलली की 'विकता' होते, आणि अलीकडील काही प्रकाशनसमारंभ पाहता हे शब्द इतके जवळचे असावेत याचे आम्हांस नवल वाटत नाही. दुसरा मार्ग मात्रा सोडवून घेण्याचा : काना इकडचा तिकडे केला की 'नवरा' शब्दाचा 'वानर' होतो. लग्नाच्या उखाण्यांत याचा उपयोग अजून कोणी कसा केला नाही, कोण जाणे!

लिपी बदलली की ही सारी सृष्टी पालटते. देवनागरीत 'राम' उलटा केला की 'मरा'. रोमन लिपीत आर-ए-एम-ए अशी चार अक्षरे मांडून ती उलटी वाचली की 'अमर'. 'साक्षरा' रोमन अक्षरांत लिहून उलटी करा, हाती काहीच लागत नाही. राक्षस तेथून निसटून जातो. आमच्या मुलांनी मोबाईलवर मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय लावून घेतली आहे, तिच्याविषयी आमची खरी चिंता ही आहे. अर्थ पोचतो, काम भागते, सगळे खरे. पण अक्षर नावाची वस्तू, जिच्या आधारावर आपले वृत्त, यमक, कोडे, सुभाषित आणि ही उलटापालट उभी आहे, ती बोटांतून निघून जाते. शेवटी 'नदी' आणि 'दीन' यांचे नाते डोळ्यांना दिसतच नाही.

मोठ्यांना हे समजावून सांगावे लागते. मुलांना ते उपजत कळते. 'च'ची भाषा कोणाला येत नाही? 'मला पाणी दे' याचे 'चलाम चणीपा चदे' करावयाचे : पहिले अक्षर उचलून शब्दाच्या शेवटी ठेवावयाचे आणि त्याच्या जागी 'च' बसवावयाचा. आठ वर्षांची पोर हे इतक्या वेगाने बोलते की शेजारच्या खोलीतील आजोबांना एक शब्दही कळू नये. ही बिनचूक अक्षरगणना आहे, आणि ती व्याकरणाच्या तासाला कोणी शिकविलेली नाही. भाषा स्वतःदेखील हा खेळ खेळते. खेड्यातला मनुष्य 'नुकसान'ला 'नुसकान' म्हणतो, तेव्हा आपण हसतो. पण 'वाराणसी'चे 'बनारस' याच वाटेने झाले आहे आणि संस्कृत 'लघु'पासून आपले 'हळू' याच रीतीने, 'ल' आणि 'ह' यांनी जागा बदलून आले आहे. व्याकरणकार याला वर्णविपर्यय म्हणतात.

पाश्चात्त्यांनी या विद्येचा उपयोग साहित्याबाहेरही केला आहे. गॅलिलिओने १६१० साली शनीच्या दोन्ही अंगांस काहीतरी आहे असे दुर्बिणीतून पाहिले. शोध आपल्या नावावर राहावा पण इतक्यात कोणास कळू नये, म्हणून त्याने एका लॅटिन वाक्याची अक्षरे विसकटून ती धाडून दिली. केप्लरने ती जुळवून पाहिली आणि मंगळाला दोन चंद्र आहेत, असा अर्थ काढला. अर्थ साफ चुकीचा होता. पुढे १८७७ मध्ये असाफ हॉलने दुर्बिणीतून पाहिले तो मंगळाला खरोखरच दोन चंद्र निघाले! चुकीच्या जुळणीतून बरोबर गोष्ट निघण्याचे याहून अद्भुत उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील हूकचा स्थितिस्थापकतेचा नियमदेखील प्रथम, १६७६ साली, असाच विसकटलेल्या अक्षरांत छापला गेला आणि दोन वर्षांनी हूकने त्याची उकल केली. मुलांच्या आवडीचे उदाहरण हवे असेल तर हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकात (१९९८) टॉम मार्व्होलो रिडल आपल्या नावाची अक्षरे हवेत फिरवून 'मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे' असे वाक्य बनवितो ते आठवावे. फ्रेंच भाषांतरकाराला एवढ्यासाठी त्या पात्राचे नावच बदलावे लागले. अशी उलटापालट एका भाषेतून दुसरीत उचलून नेता येत नाही, ती त्या त्या भाषेच्या मातीतच रुजते, हे यावरून कळेल.

फर्दिनां द सोस्यूर या थोर भाषाशास्त्रज्ञाची कथा मात्र जरा वेगळी आहे. हा संस्कृतचा अध्यापक. १९०६ पासून तीनएक वर्षे त्याने लॅटिन कवितांत आणि ऋग्वेदाच्या सूक्तांतही देवतांच्या नावांची अक्षरे विखरून पेरलेली आहेत काय, याचा शोध घेतला. अग्नीच्या सूक्तात अग्नीच्या नावाचे ध्वनी ठायी ठायी घुमतात, असे त्याला दिसले. वह्यांमागून वह्या भरल्या. पण कवीने हे बुद्धिपुरस्सर केले की ते आपोआप घडले, याचा निर्णय होईना, तेव्हा त्याने ते सारे बाजूला ठेवले. त्या वह्यांतील मजकूर स्टारोबिन्स्की या विद्वानाने १९६४ पासून प्रसिद्धीस आणला. शोधणाऱ्याला जागोजाग नावे दिसू लागणे, हा या विद्येतील मोठा धोका आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रधानाध्यापकांच्या नावातून निरनिराळे अर्थ काढण्यापूर्वी तो ध्यानात ठेवावा.

आता घराजवळ येऊ. आम्ही कुकटपल्लीचे रहिवासी. मुंबईकडे जाणारा हमरस्ता आमच्या दारावरून जातो, आणि २०१७ पासून त्याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रोही धावते. याच रस्त्याने पश्चिमेस गेले की पाटणचेरू लागते. सोळाव्या शतकात इब्राहिम कुतुबशाहाच्या कारकिर्दीत तेथे अमीन खान नावाचा सरदार होता. पोन्निगंटि तेलगनाचार्य या कवीने 'ययातिचरित्र' हे तेलुगू काव्य लिहून या अमीन खानाला अर्पण केले. त्या काव्यातील बंधन असे की, संस्कृत शब्दांना मज्जाव करून शुद्ध देशी तेलुगूतच सारे लिहावयाचे. हिंदू पुराणकथा, देशी भाषेचे कडक व्रत आणि आश्रयदाता मुसलमान सरदार! भाषाशुद्धीच्या चर्चा मराठीत तीनचारशे वर्षांनी रंगल्या. त्या करणाऱ्यांनी पाटणचेरूची वाट एकदा तुडवावयास हरकत नव्हती.

तेलुगू लोकांचे अवधान तर आजही जिवंत आहे. अष्टावधानात आठ पृच्छक अवधानी पंडिताला घेरून बसतात. एक जण निषिद्धाक्षरी घालतो, म्हणजे प्रत्येक अक्षरानंतर पुढचे कोणते अक्षर वापरावयाचे नाही ते सांगतो. दुसरा समस्या देतो, तिसरा मध्येच घंटा वाजवितो आणि तिचे टोले अवधान्याने मनात मोजावयाचे असतात; एक गृहस्थ तर केवळ अवांतर गप्पांनी त्याचे चित्त विचलित करण्यासाठीच नेमलेला असतो. यांतलाच एक प्रकार व्यस्ताक्षरी. पृच्छक एका वाक्याची अक्षरे क्रम मोडून, 'अमक्या स्थानी अमुक अक्षर' अशी, अधूनमधून सांगत राहतो, आणि शेवटी अवधानी कागदाला हात न लावता ते अखंड वाक्य म्हणून दाखवितो. दिवाकर्ल तिरुपती शास्त्री आणि चेळ्ळपिळ्ळ वेंकट शास्त्री या जोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या गावोगाव नेली आणि तिला लोकांत मान मिळवून दिला. मराठीतील विलोम आणि निरोष्ठ रचना पोथ्यांत राहिल्या. तेलुगूतील अक्षरविद्या सभेत आली, तिने श्रोते मिळविले, म्हणून ती टिकली. येथे शेजाऱ्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, परीक्षेत यास गुण नाहीत. खरे आहे. कोणी असेही म्हणेल की, ज्या मुलांना घराबाहेर पाऊल टाकताच तेलुगू, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी ऐकावी लागते, ज्यांना धड मराठी निबंध लिहिता येत नाही, त्यांना हे चोचले कशाला? आम्हांस नेमके उलट वाटते. पुण्याच्या मुलाला मराठी रस्त्यावर फुकट मिळते. आमच्या मुलाला ती घरातून आणि वर्गातून वेचून घ्यावी लागते, आणि वेचणाऱ्याची नजर एकेका दाण्यावर असावी लागते. व्याकरणाचा तास जेथे हरतो, तेथे ही उलटापालट पाच मिनिटांत ऱ्हस्व-दीर्घ शिकवून जाते : 'नदी' उलटी केल्यावर 'दीन'मधील 'दी' दीर्घच का राहते, हे एकदा हाताने करून पाहिलेला मुलगा तो शब्द पुन्हा चुकत नाही. आम्ही एवढेच मागतो की, आठवड्यातील मराठीच्या तासांपैकी अर्धा तास व्यस्ताक्षरीला द्यावा, वार्षिक संमेलनात एकदा मराठी अवधानाचा प्रयत्न करावा, तोही तेलुगूच्या शिक्षकांना पृच्छक म्हणून बोलावून, आणि या अंकाची दोन पाने दरवर्षी विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेल्या अक्षरकोड्यांसाठी मोकळी ठेवावीत. अट एकच : उलटलेल्या शब्दाला अर्थ हवा, आणि त्या अर्थाचा पहिल्या अर्थाशी काही संबंध, निदान काही भांडण हवे.

आरंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्यांसाठी आमच्या वस्तीचे नावच पुरे आहे. कु, क, ट, प, ल्ली ही पाच निराळी अक्षरे. भास्कराचार्यांच्या रीतीने त्यांचे १२० क्रम होतात. पाचही अक्षरे वापरून दुसरा अर्थपूर्ण शब्द अद्याप आम्हांस साधलेला नाही. त्यांच्या पोटात 'पट' आहे, 'कट' आहे, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण 'कपट'ही आहे. उरलेले क्रम विद्यार्थ्यांनी तपासावेत.